तळघरातला ताल, वरच्या मजल्यावरचे शब्द

एमएफ डूम (रॅपर) आणि मॅडलिब (निर्माता) यांचा ‘मॅडव्हिलनी’ हा अल्बम मार्च २००४मध्ये अमेरिकेतल्या स्टोन्स थ्रो कंपनीने काढला. २२ तुकडे, सगळे मिळून साधारण ४६ मिनिटं. ध्रुवपद जवळपास नाहीच. गाणं रंगात येतं आणि संपतं, ती हुरहूर मला फार आवडते.

मॅडलिबने यातले बरेच ताल ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या एका हॉटेलच्या खोलीत बांधले. हाताशी होतं काय? एक छोटा सॅम्पलर, उचलून नेण्याजोगा रेकॉर्ड प्लेअर आणि कॅसेट डेक. लॉस एंजेलिसच्या ज्या घरात दोघं एकत्र काम करत, तिथेही त्यांचं बोलणं बेताचंच. मॅडलिब तळघरात ताल रचणार, डूम वर बसून ओळी लिहिणार. बोलायचं ते तालांच्या सीडीतून.

अल्बम पुरा होण्याआधीच डेमो फुटला. काम थांबलं, दोघं आपापल्या दुसऱ्या कामांना लागले. परत आल्यावर डूमने आपला आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केला: आधीपेक्षा खालच्या पट्टीत, निवांत. यातलं ‘अकॉर्डियन’ हे गाणं ऐका. डेडेलस या संगीतकाराच्या रेकॉर्डवरचा एवढासा सूर गोल फिरत राहतो आणि डूम त्यावर घाई न करता यमकामागून यमक ठेवत जातो.