ओळखीची चाल, नवा प्रसंग

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडली, की पदापदाच्या माथ्यावर राग-तालाच्या जोडीने ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा पहिला चरण दिलेला आढळतो. आजच्या वाचकास ती टीप निरर्थक वाटेल. परंतु ज्या काळी ती छापली गेली, त्या काळी तिच्यात नाटककाराचा प्रेक्षकाशी झालेला एक करारच नमूद होता. गाणे तुमच्या कानांवरचे आहे, प्रसंग मात्र आमचा आहे, असे ती टीप सांगत असे. रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, लावण्या, कर्नाटकातील चाली असा सारा प्रचलित संचय त्यांनी सुभद्रेच्या आणि अर्जुनाच्या मुखी घातला. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’मध्ये (१८९६) पारशी-गुजराती रंगभूमीवरील चाली आणल्या, गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमाना’त (१९११) पूरबी ठुमरी-कजरीचा रंग भरला, आणि ‘स्वयंवरा’साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या चिजांचे भांडार खुले केले. ज्यास आपण अस्सल नाट्यसंगीत म्हणून अभिमानाने मिरवतो, त्याचा फार मोठा हिस्सा असा आधीच लोकप्रिय झालेल्या गाण्यांतून उभा राहिलेला आहे.

लोकप्रिय गाणी एका कथेत ओवून रंगभूमीवर आणण्याची ही रीत पाश्चात्त्य देशांतही जुनीच आहे. जॉन गे याने १७२८ साली लंडनच्या रस्त्यारस्त्यांतून ऐकू येणाऱ्या चालींवर ‘बेगर्स ऑपेरा’ रचला. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्याच कथेवर बर्लिनमध्ये ‘थ्रीपेनी ऑपेरा’ केला. आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांच्या लेखणीतून तो ‘तीन पैशाचा तमाशा’ होऊन मराठीत अवतरला. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या त्या नाटकात लावणीपासून नाट्यपदापर्यंतच्या परिचित गायनशैली एका मंचावर एकमेकींस भिडल्या, आणि प्रत्येकीचा अर्थ त्या पात्राच्या तोंडी येताच पालटला. १९९९ सालच्या ‘मामा मिया’ या संगीतिकेने आबा या स्वीडिश गायकवृंदाच्या गाण्यांवर जगभर गर्दी खेचली, तिच्या मुळाशीही हाच व्यवहार आहे.

आमच्या नगर जिल्ह्यास हा व्यवहार शिकविण्यास बाहेरून कोणी येण्याची आवश्यकता नव्हती. ज्या नेवाशास प्रवरेकाठी शके १२१२ मध्ये, जात्यावर बायकांच्या मुखी असलेल्या ओवीस, गीतेचे तत्त्वज्ञान सांगण्याचे काम सोपविले गेले, तेथील माणसास ओळखीच्या छंदाचे सामर्थ्य वेगळे पटवून द्यावे लागत नाही. याच जिल्ह्यातील संगमनेरने अनंत फंदीसारखा शाहीर दिला. त्याच तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळेने पठ्ठे बापूरावांची कवने फडावर गाजविली. आणि शिवछत्रपतींची भूमिका करणाऱ्या कांताबाई सातारकरांनी संगमनेरास राहूनच आपला फड नावारूपास आणला.

आमच्या तालुक्यातील जत्रांत तमाशाचे पाल ठोकले जाते, तेव्हा आजही प्रारंभ गणाने होतो. मग गौळण लागते. ढोलकीवाला कड्या सरकवून स्वर मिळवीत असतो, तोच डोईवरचा पदर दातांत धरून मावशी प्रवेशते, आणि ती जे पद उचलते त्याची चाल एखाद्या ताज्या चित्रपटातली निघते. पहिल्याच आलापाला मागच्या रांगेतून शिटी येते. पण दुसऱ्या कडव्यात पेंद्या वाट अडवितो, मथुरेच्या बाजाराचा विषय निघतो, आणि ते चित्रपटातले गाणे पाहता पाहता गवळणींचे होऊन जाते. मला तमाशात सर्वाधिक प्रिय असलेला क्षण हाच.

गौळणीनंतरच्या रंगबाजीत मात्र ही किमया विरळा. तेथे ‘पिंजरा’तील, ‘नटरंग’मधील, ‘सैराट’मधील गाणी फर्माइशीबरहुकूम एकामागून एक येतात आणि जातात, नाचणाऱ्या मुलींचे कसब निःसंशय मोठे असते, परंतु गाण्याला प्रसंगाचा आश्रय नसतो. खेदाची बाब अशी, की यांपैकी पुष्कळ चालींचे माहेर फडच आहे. वसंत पवारांनी ‘सांगत्ये ऐका’साठी (१९५९) आणि राम कदमांनी ‘पिंजरा’साठी (१९७२) ढोलकीफडाचा आणि बारीचाच ठेवा पडद्यावर नेला होता. तो परत आला, तेव्हा त्याचे पात्र आणि त्याची गोष्ट मागेच राहून गेली.

वग, म्हणजे तमाशातील कथानाट्य, हा त्या गोष्टीचा हक्काचा मुक्काम. पण रंगबाजी लांबत जाते, ध्वनिक्षेपकावरील वेळेचे निर्बंध डोक्यावर असतात, आणि ज्या वगासाठी एके काळी गाडीबैल जुंपून माणसे येत, तो अर्ध्यावर आटोपावा लागतो. दोष प्रेक्षकांच्या अभिरुचीचा आहे, असे मी मानीत नाही. जो प्रेक्षक गौळणीतील चालीचा कायापालट ओळखून दाद देतो, त्यास वगातील गाणे समजणार नाही, हे संभवत नाही. उणीव आहे ती ही गाणी कथेत गोवणाऱ्या वगकाराची. यात्रा कमिटीने सुपारी ठरवितानाच वग पूर्ण होईल इतका वेळ राखून ठेवण्याची अट घालावी, आणि फडमालकाने बिदागीतील एक हिस्सा नव्या वगाच्या कवीसाठी काढून ठेवावा. दसऱ्यापासून फड बाहेर पडले आहेत, आणि आमच्या गावोगावच्या जत्रांना अद्याप अवकाश आहे.