ग्रीष्मचर्या आणि चुलीपुढची गृहिणी

होळी पेटली की विदर्भातील घरांत उन्हाळ्याची लगबग सुरू होते. माठात वाळ्याची जुडी पडते, कूलरला नव्या ताट्या लागतात, औषधी दुकानांत गुलकंद व उशीरासव यांची मागणी वाढते.

वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधीचे चौदा दिवस सांगितले. त्या काळात मागील चर्या क्रमाने सोडून पुढील अंगीकारावी. एरवी निषिद्ध असलेली दिवानिद्राही ग्रीष्मात अनुज्ञात आहे. आपण वैद्यमंडळी हे रुग्णांना सांगतो. परंतु ते पाळण्याची मुभा घरात कोणाला आहे, हे विचारीत नाही. कुरडया, पापड, सांडगे यांचा काळ हाच. गव्हाचा चीक घोटणारी गृहिणी दुपारी चुलीपुढे असते, तापल्या गच्चीवर वाळवण घालते, आणि सर्वांचे झाल्यावर उरले तर पन्हे घेते. मूत्रदाह, भ्रम, दौर्बल्य घेऊन ती चिकित्सालयात आली की मीही कित्येक वर्षे चंदनासव लिहून मोकळा होत असे. आता लघवीची तपासणी सांगतोच, शिवाय विचारतो, "ताई, चीक किती वाजता शिजवता?" पहाटे शिजवून आठच्या आत वाळवण घालावे आणि त्यात घरातल्यांनी हात लावावा, हे पतीला समोर बसवून सांगतो. (औषध कमी खपले तर दुकानदार बंधूंनी रागावू नये!)

मात्र अंग तापलेले, बोलणे असंबद्ध वा शुद्ध हरपलेली असेल, तर तोंडावाटे काहीही देऊ नये. सावलीत घेऊन अंग ओले करावे, वारा घालीत तत्काळ रुग्णालयात न्यावे. असे नातेवाईक पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येतात; त्यांना क्षणही न थांबविता पुढे धाडावे.