रुपयावरची रेघ

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी गेल्या आषाढात माझ्या हातावर रुपयाचे नाणे ठेवले. सालापासून काठापर्यंत एक बारीक रेघ. "दादा, याचे लाखभर येतात म्हणे. फोनवरचा माणूस आधी दोन हजार नोंदणी मागतोय. भरू का?"

मी भिंग काढले. पाहायचे एवढेच, की रेघ वर उठली आहे की आत गेली आहे. टांकसाळीत कोऱ्या चकतीवर पोलादी ठसा दाबला जातो. ठसा तडकला, की चकतीचा धातू भेगेत शिरतो आणि नाण्यावर ती भेग उंचवटा होऊन येते. खोल रेघ म्हणजे नंतरचा ओरखडा. मावशींची रेघ नखाला उंच लागली. चूक खरी होती.

सालाखाली चौकट गुलामातल्यासारखी चौकट होती, म्हणजे मुंबईची टांकसाळ. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. तरी 'खूण विसरलेले दुर्मीळ नाणे' म्हणून ती विकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

काठाचा तुकडा गेलेले नाणे मिळाले, तर बरोबर समोरचा काठ पाहावा. अपुऱ्या चकतीला काठ उभारताना समोरून दाब मिळत नाही, म्हणून तिथला काठ बहुधा पुसट राहतो. कानशीने कापलेल्या नाण्याचा तो शाबूत असतो. शिवाय आपले नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटले, की मागची बाजूही सुलट दिसायला हवी. बरीच तिरकी दिसली, तर ठसा फिरला होता.

मग मावशींचे लाख? तडकलेला ठसा लगेच बदलला जातोच असे नाही. तोवर तशीच कितीतरी नाणी पडतात. बारीक भेगेला जाणता संग्राहक फारसे मोजत नाही. आणि नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने 2021 सालीच बजावले आहे.

"भरू नका," मी म्हणालो.

"म्हणजे रुपयाच," म्हणत त्यांनी नाणे गल्ल्यात टाकले. मला राहवेना, मी त्याचे दहा रुपये देऊ केले. त्यांनी माझे दहाचे नाणे उलटसुलट केले. "यावर रुपयाची खूण नाही. खोटं आहे हे."

2011 पूर्वीच्या नाण्यांवर ती नसायचीच, दहाच्या नाण्याचे 14 प्रकार चलनात असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये जाहीर केले आहे, असे मी सांगू लागलो. तेवढ्यात मेथीला गिऱ्हाईक आले.