संशय आणि पुरावा

खुनाचा छडा लागला, गुन्हेगाराला शिक्षा झाली, की लोक तो खून विसरतात. छडा लागला नाही म्हणजे मात्र त्याची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालते. चौकात, आगगाडीच्या डब्यात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत जो तो आपापला गुन्हेगार नक्की करून बसतो आणि पोलिसांना तो कसा दिसला नाही याचे नवल करतो. ही चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे काही विद्वान म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. माणसाचा जीव घेणारा आपल्यातच मोकळा वावरत आहे, ही जाणीव समाजाला स्वस्थ बसू देत नाही. ती स्वस्थ बसू देत नाही यातच समाजाची न्यायबुद्धी जिवंत असल्याची खूण आहे. परंतु ही न्यायबुद्धी ज्या वाटेने चालते ती वाट निसरडी आहे. संशय कोठे संपतो आणि पुरावा कोठे सुरू होतो, हे न कळल्यामुळे निरपराध माणसे पूर्वी भरडली गेली आहेत व आजही भरडली जात आहेत. म्हणून हा भेद एका प्रसिद्ध प्रकरणाच्या आधाराने समजून घेण्याचे आम्ही योजिले आहे. प्रकरण जुने आणि परदेशातले आहे. त्यातील कोणीही आज हयात नसल्यामुळे थंड डोक्याने विचार करता येतो. शिवाय त्याचा एक धागा आपल्या देशातील न्यायालयांपर्यंत येऊन पोहोचतो, तो पुढे ओघाने येईलच.

प्रकरणाची हकीकत

लंडन शहराच्या पूर्वेकडील व्हाइटचॅपेल हा भाग १८८८ साली दारिद्र्याने गांजलेला होता. रात्रीपुरती खाट भाड्याने देणाऱ्या घरांत हजारो लोक कसेबसे राहत. त्या वर्षी ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या अवधीत तेथे व लगतच्या भागात मेरी अ‍ॅन निकल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली या पाच स्त्रियांचे गळे चिरून खून झाले. त्यांपैकी स्ट्राइड व एडोज या दोघींचे खून ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री, तासाभराच्या अंतराने झाले. ‘जॅक द रिपर’ या नावाने जगभर गाजलेले प्रकरण ते हेच. खुनी सापडला नाही.

येथे प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘पाच’ हा आकडासुद्धा सिद्ध झालेला नाही. व्हाइटचॅपेलचे खून म्हणून पोलिसांच्या दप्तरात १८९१ पर्यंतच्या अकरा खुनांची नोंद आहे. त्यांपैकी पाच एकाच हातचे, हे काही अधिकाऱ्यांचे मत होय. म्हणजे आपण ज्याला वस्तुस्थिती समजून चर्चेला बसतो, त्यातही पुष्कळसा भाग कोणाचे तरी मतच असते.

वस्तू आणि तिचा अर्थ

चॅपमनबाईंचे प्रेत हॅन्बरी रस्त्यावरील एका घराच्या मागच्या अंगणात सापडले. त्याच अंगणात नळाजवळ चामड्याचा एक एप्रन पडला होता. आता योगायोग असा, की ‘लेदर एप्रन’ या टोपणनावाचा कोणी इसम त्या वस्तीतील बायकांना धमकावतो, अशा बातम्या वृत्तपत्रे काही दिवसांपूर्वीपासूनच छापीत होती. लोकांनी दोन आणि दोन चार केले. जॉन पायझर नावाच्या ज्यू चर्मकाराला लोक त्या नावाने ओळखतात, असे समजून १० सप्टेंबर रोजी त्याला पकडण्यात आले. चौकशीअंती काय निघाले? एप्रन त्या घरात राहणाऱ्या एका बाईच्या मुलाचा होता, आणि तो धुऊन तेथे टाकलेला होता. पायझर पहिल्या खुनाच्या रात्री शहराच्या दुसऱ्या भागात होता. त्या रात्री गोदीला मोठी आग लागली होती, आणि तिचा उजेड पाहत असता तो एका पोलीस शिपायाशीच बोलला होता. दुसऱ्या खुनाच्या वेळी तो घरच्या माणसांत लपून बसला होता. कॉरोनरसमोर त्याने लपण्याचे जे कारण सांगितले ते विचार करण्याजोगे आहे : बाहेर पडलो असतो तर लोकांनी आपल्याला फाडून खाल्ले असते! तो लपला म्हणून लोकांचा संशय वाढला, आणि तो लपला होता लोकांच्या संशयामुळेच.

त्याच अंगणात एका पाकिटाचा फाटका तुकडा सापडला. त्यावर ससेक्स रेजिमेंटचे चिन्ह होते. झाले! खुनी सैनिक असला पाहिजे, असा तर्क निघाला. पोलीस त्या पलटणीच्या छावणीत गेले, तेव्हा तशी पाकिटे तेथल्या टपालकचेरीत कोणालाही विकत मिळतात असे कळले. आणि चॅपमनबाई ज्या घरात खाट भाड्याने घेई तेथील एका साध्या माणसाने सांगितले की, औषधाच्या गोळ्यांची डबी फुटली तेव्हा तिने स्वयंपाकघरातला कागदाचा एक तुकडा उचलून त्यात गोळ्या बांधल्या होत्या. सैनिकाचा तर्क जागच्या जागी विरला.

तिसरे उदाहरण याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे गोल्स्टन रस्त्यावर एका दारात, एडोजबाईच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा एका शिपायाला मिळाला. वरच्या भिंतीवर खडूने ज्यू लोकांविषयी एक वाक्य लिहिलेले होते. उजाडल्यावर लोक ते वाचतील आणि ज्यूंवर दंगा होईल, या भीतीने पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरेन यांनी छायाचित्र घेण्यापूर्वीच ते पुसावयास लावले. शिपायांनी व अधिकाऱ्यांनी ते वाक्य उतरून घेतले होते, पण त्या नकला एकमेकींशी जुळत नाहीत. वाक्यात नकार नेमका कोठे होता, हेदेखील आज निश्चित सांगता येत नाही. ते खुन्याने लिहिले की आधीपासूनच तेथे होते, हेही ठाऊक नाही. असे असता त्या एका वाक्यावर ग्रंथच्या ग्रंथ उभे राहिले आहेत. पाया नाही, आणि माड्या मात्र चार!

या तिन्ही उदाहरणांवरून एक नियम निघतो. वस्तू सापडणे म्हणजे पुरावा सापडणे नव्हे. ती तेथे केव्हा आली, कोणी आणली, कोणी पाहिली, कोणी नोंदली आणि त्यानंतर ती कोणाच्या ताब्यात होती, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच तिला पुराव्याची किंमत येते.

पत्रांचा पाऊस

‘जॅक द रिपर’ हे नावसुद्धा एका पत्रातून आले. २७ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनच्या एका वृत्तसंस्थेकडे तांबड्या शाईत लिहिलेले पत्र आले, त्याखाली ही सही होती. पाठोपाठ एक पोस्टकार्ड आले; त्यात दोन खुनांचा उल्लेख होता. खुन्यावाचून हे कोणास कळणार, असे पुष्कळांना वाटले. परंतु कार्डावर शिक्का १ ऑक्टोबरचा आहे, आणि तोवर दोन्ही खुनांची वार्ता सर्वतोमुखी झाली होती. हस्ताक्षर कोणीतरी ओळखील या आशेने पोलिसांनी पत्राची प्रतिकृती छापून भिंतींवर लावली. परिणाम उलटाच झाला. त्याच नावाने शेकडो पत्रे येऊ लागली; अशी पत्रे लिहिल्याबद्दल ब्रॅडफर्ड येथे एका तरुण स्त्रीवर खटलाही झाला. मूळ पत्र एका वार्ताहराचेच कृत्य होते, असे पुढे काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपले मत दिले. ते खरे असेल तर ज्या नावाने आपण खुन्याला ओळखतो ते नाव खुन्याचे नसून बातमी विकणाऱ्याचे आहे.

संशयितांची माळ

यावर कोणी म्हणेल, लोकांचे सोडा, अधिकाऱ्यांना तर ठाऊक असेल! १८९४ साली सर मेल्व्हिल मॅक्नॉटन यांनी एका टिपणात तीन नावे लिहिली. हे गृहस्थ पोलीस खात्यात आले ते १८८९ साली, म्हणजे हे पाच खून होऊन गेल्यावर. त्यापूर्वी ते बंगालमध्ये आपल्या कुटुंबाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहत होते. त्यांच्या टिपणातला पहिला संशयित मॉण्टेग्यू ड्रुइट. त्याला त्यांनी एक्केचाळीस वर्षांचा डॉक्टर म्हटले आहे. प्रत्यक्षात तो एकतीस वर्षांचा बॅरिस्टर व शाळामास्तर होता. दुसरा कोझ्मिन्स्की १८८९ च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळात गेला असे ते लिहितात. कागदपत्रांत त्या आडनावाचा जो अ‍ॅरन कोझ्मिन्स्की सापडतो तो तेथे गेला १८९१ साली. तिसरा मायकेल ऑस्ट्रॉग हा तर खुनांच्या काळात फ्रान्समध्ये तुरुंगात होता, असे पुढे संशोधकांनी दाखविले. टिपण अधिकाऱ्याचे असले तरी ते स्मरणावर व ऐकीव माहितीवर लिहिलेले होते, हे यावरून उघड होते.

पुढील शतकात तर माळेत थोरामोठ्यांची नावे ओवली गेली. १९७० साली एका डॉक्टरांनी लेख लिहून, नाव न घेता, पण ओळख पटेल अशा रीतीने, व्हिक्टोरिया राणीचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर याच्याकडे बोट दाखविले. १८८९ च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरलेला राजपुत्र तो हाच. दोन खुनांच्या त्या रात्री तो स्कॉटलंडात असल्याची दरबारी नोंद आहे. त्या लेखात संशयिताला ‘एस्’ म्हटले होते. तेवढा धागा पकडून १९७२ साली दुसऱ्या एका लेखकाने सांगितले की, ‘एस्’ म्हणजे राजपुत्र नव्हे, तर त्याचा केंब्रिजमधील शिक्षक जेम्स केनेथ स्टीफन! आधार कोणता? नावाचे आद्याक्षर, स्त्रियांविषयी कडवट अशा काही कविता, आणि शेवटी जडलेला मनोविकार. एवढ्यावर माणूस खुनी ठरला.

आता आम्ही म्हटलेला धागा येथे येतो. हा जेम्स केनेथ कोणाचा मुलगा? सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. म्हणजे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री असताना ज्यांनी १८७२ चा भारतीय पुराव्याचा कायदा रचला त्यांचा. १ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात येईपर्यंत मुंबईच्या उच्च न्यायालयापासून तालुक्याच्या कोर्टापर्यंत याच कायद्याने पुरावा तोलला गेला. त्याचे सूत्र सोपे आहे : वादाशी ज्याचा संबंध आहे तेवढेच पुढे आणावे, आणि पाहिलेली गोष्ट ज्याने पाहिली त्याने, ऐकलेली गोष्ट ज्याने ऐकली त्याने स्वतः सांगावी. या सूत्राने पाहिले तर मुलावरचा आरोप कोर्टाच्या पायरीवरच अडला असता. एवढ्यावरच हे थांबत नाही. १८८९ साली लिव्हरपूलच्या जेम्स मेब्रिकला विष घातल्याच्या आरोपावरून त्याच्या पत्नीवर जो खटला झाला, त्याचे न्यायाधीश हेच फिट्झजेम्स स्टीफन होते. आणि १९९२ साली एक रोजनिशी पुढे येऊन तो मेब्रिकच खुनी असल्याचे सांगण्यात आले. रोजनिशी पुढे आणणाऱ्यानेच नंतर ती बनावट असल्याचे शपथेवर लिहून दिले, आणि पुन्हा तेही नाकारले.

शास्त्राचा आधार

आता शास्त्र आले आहे, ते तरी निकाल लावील, असे आपणांस वाटेल. २००७ साली एक जुनी शाल लिलावात विकली गेली. ती एडोजबाईंच्या प्रेताजवळची, असे सांगण्यात येत होते. २०१४ साली तिच्यावरील डागांच्या डीएनए तपासणीवरून कोझ्मिन्स्की हाच खुनी, असे जाहीर झाले. त्यात अत्यंत दुर्मिळ म्हणून जी खूण सांगितली, ती नोंदविण्यात चूक झाली असून प्रत्यक्षात ती युरोपातील शंभरांतल्या नव्व्याण्णवांहून अधिक लोकांत आढळते, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले. शिवाय ही तपासणी आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएची होती. तो एकाच मातृवंशातील असंख्य लोकांत सारखा असतो. म्हणून एखाद्याला वगळण्यास तो उपयोगी पडतो, नेमका माणूस ठरविण्यास पुरत नाही. आणि सर्वांत मूळ प्रश्न शाळेतल्या मुलालाही सुचावा असा आहे : ती शाल तेथे होती काय? त्या बाईच्या अंगावरील व जवळील वस्तूंची पोलिसांनी केलेली तपशीलवार यादी उपलब्ध आहे. तीत ही शाल नाही. सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला, तरी कोणाची वस्तू त्याखाली ठेवली आहे हे तो सांगत नाही.

मग लोकांनी करावे काय?

येथे अशी शंका निघेल की, लोकांनी तोंड मिटून बसावे असे तुम्ही सांगता काय? मुळीच नाही. १८८८ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी त्या वस्तीत सुमारे ८०,००० पत्रके वाटली, ती लोकांकडून माहिती मिळावी म्हणूनच. पाकिटाचे कोडे सुटले ते एका शेजाऱ्याने पाहिलेली गोष्ट सांगितल्यामुळे. ज्याने जे पाहिले ते त्याने न वाढविता, न रंगविता, योग्य ठिकाणी सांगणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. लोकांची माहिती तपासाला तारते. लोकांनी ठरविलेले निकाल त्याला बुडवितात.

आणि चर्चा करावयाचीच तर तिला तीन कसोट्या लावाव्या. पहिली, ही गोष्ट प्रथम कोणी व केव्हा नोंदली? दुसरी, माझा हा तर्क आणखी शंभर माणसांना लागू पडतो काय? व्हाइटचॅपेलमध्ये सुरी वापरणारे, रात्री हिंडणारे, चक्रम वागणारे पुरुष शेकड्यांनी होते. तिसरी, माझ्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट मी स्वतःहून शोधली आहे काय? आधी माणूस निवडून मग त्याला पुरावा चिकटविणारा या तिसऱ्या कसोटीला कधीच उतरत नाही.

शेवटी एका गोष्टीची आठवण करून देणे आम्हांस अवश्य वाटते. या प्रकरणात संशयितांची नावे शंभराच्या वर गेली. परंतु मेलेल्या स्त्रिया कोण होत्या, हे विचारण्याची फारशा कोणास गरज वाटली नाही. हॅली रूबेनहोल्ड यांनी २०१९ साली त्या पाच जणींची चरित्रे लिहिली, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की, निकल्सबाई एका छपाईच्या कारागिराची पत्नी होती, चॅपमनबाईचा नवरा मोठ्या घरचा गाडीवान होता, दोघींना मुलेबाळे होती. खुनाचे कोडे घालणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे इतका मोठा होतो की, जिचा जीव गेला तिच्याकडे पाहावयास जागा उरत नाही. न उलगडलेल्या खुनाबद्दल आपणांस खरोखर तळमळ असेल, तर ती मेलेल्याविषयीच्या सहानुभूतीत आणि जिवंत माणसावर आळ घेताना पाळलेल्या संयमात दिसली पाहिजे. ‘अद्याप ठाऊक नाही’ हे उत्तर मनाला रुचत नाही हे खरे. तथापि खोट्या उत्तरापेक्षा ते पुष्कळ प्रामाणिक आहे, आणि एखाद्या पायझरचे प्राण वाचविण्यास तेवढे पुरते.