शहरजादची माया
१९९३ साली दूरदर्शनवर ‘अलिफ लैला’ सुरू झाली, तेव्हा शहापूर-मुरबाडकडे मोजक्याच घरी टीव्ही होता. आम्ही सारे तिथेच जमायचो. जिन्न, जादूगार आवडायचेच. पण या कथांची खरी नायिका वजीराची मुलगी शहरजाद. रोज एका नववधूचा जीव घेणाऱ्या बादशहाशी तिने स्वतःहून निकाह केला, बाकीच्या मुली वाचाव्यात म्हणून. माया तिने बोलून नव्हे, जिवावर उदार होऊन दाखवली. रात्रीमागून रात्र ती गोष्ट सांगत राहिली. बादशहाचे मन पालटले, कारण त्याने ऐकून घेतले.

आज आपल्या मुली आसनगावहून लोकलने, मुरबाडहून एसटीने कल्याणला शिकायला जातात. संध्याकाळी घरी येऊन त्या काही सांगू लागल्या, तर आपण शेवटपर्यंत ऐकतो का?