गोल्फमधील शिष्टाचार

गोल्फमधील शिष्टाचार म्हणजे मैदानावर सहखेळाडूंचा मान, सर्वांची सुरक्षितता, मैदानाची निगा व खेळाची गती राखण्यासाठी पाळावयाचे संकेत होत. गोल्फमध्ये बहुधा प्रत्येक गटासोबत पंच नसतो. त्यामुळे ही जबाबदारी मुख्यतः खेळाडूंवरच असते.

पूर्वी हे संकेत नियमपुस्तकाच्या स्वतंत्र विभागात दिलेले असत. २०१९ च्या नियमावलीत खेळाडूच्या वर्तनाचा समावेश पहिल्याच नियमात करण्यात आला. गंभीर गैरवर्तनाबद्दल स्पर्धा समिती खेळाडूला बाद ठरवू शकते.

गट एकामागून एक खेळत असल्याने एका गटाचा विलंब मागील सर्वांना सोसावा लागतो. म्हणून पाळी आल्यावर अडथळा नसल्यास ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस आहे. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदतही २०१९ मध्ये ५ मिनिटांवरून ३ मिनिटांवर आणली गेली. स्ट्रोक प्ले या प्रकारात, धोका नसल्यास, तयार असलेल्या खेळाडूने आधी खेळणे मान्य आहे.

चेंडू कोणाच्या दिशेने जात असल्यास ‘फोर’ अशी आरोळी देतात. बंकरमधील वाळू सारखी करणे आणि ग्रीनवर चेंडू आदळून पडलेले खळगे बुजवणे मात्र वेळ वाचवण्यासाठी टाळू नये. असा खळगा मागून येणाऱ्या खेळाडूच्या चेंडूची दिशा बदलू शकतो.