शहरातलं घर घेण्याआधी

मुलगा पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतो, तेव्हा गावाकडचं सोनं मोडतं, कधी जमिनीचा तुकडाही जातो. म्हणून पैसे देण्याआधी आपणही विचारायचं.

इमारतीचं बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की ताबा कधी मिळणार ते दिसतं. घरातली शिकलेली पोरं मोबाइलवर पाहून देतील. कारपेट एरिया किती, तेही विचारा. म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी, जिना सोडून आतली जागा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पन्नास लाखांच्या घरावर पन्नास हजार वाचतात.

काही गोष्टी मात्र कागदावर नसतात. संध्याकाळी तिथं जाऊन शेजारच्या बायकांशी बोला. पाणी किती वेळ येतं? उन्हाळ्यात टँकर लागतो का? रात्री कामावरून सून एकटी येऊ शकेल का?

गटातल्या कुणाच्या घरी फ्लॅटची बोलणी चालू असतील, तर तिला हे आजच सांगा.